निळसर राखाडी शेड्स सगळ्या सारख्याच दिसतायत? त्यातली एक कशी निवडायची

घराला निळसर राखाडी रंग द्यायचा हे पटकन ठरतं, घरात एकमत पण होतं, आणि मग सगळं अडतं ते शेवटच्या तीन-चार शेड्सवर. शेड कार्डवर अंगठ्याच्या नखाएवढे चौकोन, सगळे एकसारखे, दुकानदार म्हणतो कुठलाही घ्या मॅडम छानच दिसणार, आणि भिंतीवर गेल्यावर मात्र त्यातली एक हॉस्पिटलच्या कॉरिडॉरसारखी दिसते, दुसरी जांभळट होते आणि तिसरी नुसतं सिमेंट. म्हणजे फरक होता, कार्डवर दिसत नव्हता एवढंच.

मला यात एक गोष्ट फार मनापासून सांगायची आहे. रंग दुकानात ठरवू नका, आणि घरी आणून भर दुपारी पण ठरवू नका. आधी खोलीतला दिवा पक्का करा, मग फरशी आणि दारांशी जुळवा, आणि शेवटी जी दोन-तीन नावं उरतील त्यातली एक रात्री साडेआठच्या सुमारास निवडा, कारण पुण्यात नोकरी करणाऱ्या बहुतेक घरांमध्ये हॉल आणि बेडरूम खऱ्या अर्थाने वापरात येतात ते संध्याकाळी सात ते अकरा, तेव्हा सगळे घरी असतात आणि तेव्हा भिंतीवर सूर्य नसतो, ट्यूब असते.

हा रंग इतका का फिरतो

गडद निळा घ्या किंवा मोरपंखी घ्या, त्याच्यावर पिवळा उजेड पडला तरी तो निळाच राहतो, कारण त्यात रंग भरपूर आहे. निळसर राखाडीत रंग अगदी थोडा असतो, बाकी सगळं पांढरं आणि काळं, त्यामुळे उजेडाने जरा धक्का दिला की तो राखाडीकडे सरकतो, हिरव्याकडे सरकतो नाहीतर जांभळ्याकडे. आपल्याला आवडतो तो पण याच कारणामुळे, सकाळी वेगळा, पावसात वेगळा दिसतो म्हणून, फक्त कुठल्या दिशेला सरकणार ते आधी माहीत पाहिजे.

ढोबळमानाने तीन घराणी धरा. एक हिरवट, ज्यात निळ्यासोबत थोडा पिवळा पडलेला असतो. दुसरं जांभळट, ज्यात लाल पडलेला असतो. आणि तिसरं कोरडं, म्हणजे जवळजवळ नुसता काळा-पांढरा आणि निळ्याचा एखादा थेंब, साडीत ज्याला पारवा म्हणतात त्याच्या जवळचं पण अजून फिकं. हे तिसरं घराणं लोक कंटाळवाणं म्हणून कार्डवर बाजूला सारतात आणि भिंतीवर बहुतेक वेळा तेच सगळ्यात छान दिसतं, का ते पुढे येईलच.

कार्डवर पहिली चाळणी

शेड कार्ड घरी आणा, किंवा ओळखीचा दुकानदार असेल तर जाडा फॅनडेक, म्हणजे सगळ्या शेड्सच्या पट्ट्यांचा पंख्यासारखा उघडणारा गठ्ठा, एक दिवसासाठी मागा. रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला गेलात तर एकाच फेरीत वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं मिळतात, आपल्या एरियातल्या दुकानात शक्यतो एक-दोन कंपन्यांचीच असतात.

घरी खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, एक कोरा पांढरा कागद ठेवा आणि त्यावर एकेक शेड ठेवून बघा. कार्डावर शेजारी जे दुसरे रंग छापलेले असतात ते कागदाच्या तुकड्यांनी झाका, हे महत्त्वाचं आहे, कारण डोळा शेजारच्या रंगाच्या नादाने फसतो. पॅरिसच्या गोब्लां कारखान्यात रंगाई विभाग सांभाळणारा केमिस्ट शेव्हरल, त्याच्याकडे तक्रार आली होती की काळा धागा फिका पडतोय, आणि त्याने शोधून काढलं की काळ्या रंगात काही दोष नाही, शेजारच्या रंगांमुळे तो तसा दिसतोय. १८३९ मध्ये त्याने हे सगळं सविस्तर मांडलं. तुमच्या शेड कार्डवर नेमकं तेच चालू असतं, चार हिरवट शेड्समध्ये ठेवलेली एक शेड उगाच जांभळट वाटते.

आता कार्डातली एक अगदी शुद्ध राखाडी शोधा, जिच्यात निळा नाहीच, आणि ती प्रत्येक शेडच्या बाजूला लावा. लगेच दिसतं कोण हिरवट आणि कोण जांभळट. आणि सगळ्या उमेदवार शेड्स एकमेकींना चिकटवून पण बघा. एक नियम लक्षात ठेवा, झाक ओळखायची असेल तर शेड्स शेजारी शेजारी ठेवायच्या, आणि पसंती करायची असेल तर एका वेळी एकच बघायची. लोक बरोबर उलटं करतात, एकेक शेड बघून झाक ओळखायला जातात आणि तीन पट्टे शेजारी मारून पसंत करायला बसतात, मग अर्थातच गोंधळ होतो, कारण राहताना तुमच्या भिंतीवर एकच रंग असणार आहे, तुलना करायला दुसरा कोणी नसणार.

अजून एक युक्ती आहे जी फार कमी लोक वापरतात. रंग मशीनवर बनवताना पांढऱ्या बेसमध्ये कुठले स्टेनर, म्हणजे रंग देणारी द्रव्यं, किती पडणार ते दुकानदाराच्या स्क्रीनवर दिसतं. त्याला सांगा, दादा या तीन कोडचे फॉर्म्युले जरा दाखवा. निळा आणि काळा याच्यासोबत पिवळा असेल तर शेड हिरवट जाणार, लाल किंवा व्हायोलेट असेल तर जांभळट, आणि काळा जास्त निळा कमी बाकी काही नाही तर कोरडी. काळा आणि पांढरा नुसते मिसळले तरी येणारा करडा किंचित निळसर वाटतो, म्हणून ज्या शेडमध्ये निळा अगदी नावाला आहे ती पण मोठ्या भिंतीवर चांगली निळी दिसू शकते.

बऱ्याच कंपन्या शेडच्या मागे किंवा वेबसाईटवर एलआरव्ही नावाचा आकडा देतात. ० म्हणजे पूर्ण काळा, १०० म्हणजे पूर्ण पांढरा, म्हणजे भिंत किती उजेड परत फेकणार त्याचं माप. फिक्या निळसर राखाडी ६० च्या आसपास असतात, मध्यम ४० ते ५०, आणि ३० च्या खाली गेलात की खोली गडद व्हायला लागते. दोन शेड्समध्ये दोन-तीन आकड्यांचा फरक असेल तर त्यावर डोकं घालू नका, आठ-दहाचा असेल तर तो भिंतीवर नक्की कळतो. समोरच्या बिल्डिंगने उजेड अडवलेला असेल, म्हणजे कोथरूड, कर्वेनगरच्या जुन्या सोसायट्यांमध्ये बहुतेक असतोच, तर ५५ च्या खाली जाऊ नका असं मी सांगीन. वाघोली, वाकडला बाराव्या मजल्यावर दोन बाजूंनी मोकळं असेल तर ४५ सुद्धा मस्त चालतो.

खोलीचं तोंड कुठे आहे

परदेशातले लेख वाचून लोक उत्तरेची खोली, दक्षिणेची खोली असले नियम जसेच्या तसे लावतात, ते इथे पूर्ण लागू होत नाहीत. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तरेला आहे. मेच्या मध्याला इथे शून्य सावलीचा दिवस येतो आणि परत जुलैच्या शेवटी येतो, मधल्या काळात भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेकडे असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून त्या काळात ऊन आत येतच नाही, ते येतं थंडीत, डिसेंबर-जानेवारीत सूर्य खाली असतो तेव्हा.

उत्तरेच्या खोलीत जवळजवळ वर्षभर आकाशाचा निळसर उजेड, एकसारखा. इथे जांभळट शेड गारठलेली दिसते, आणि जी कार्डवर छान निळी वाटली ती जरा जास्तच निळी होते. इथे कोरडी किंवा अगदी किंचित हिरवट घ्या. पूर्वेच्या खोलीत सकाळी दहापर्यंत पिवळं ऊन, तेव्हा निळसर राखाडी नुसती राखाडी दिसते, आणि दुपारनंतर निळी व्हायला लागते. पश्चिमेची खोली सगळ्यात कठीण. दुपारी डोळ्यात जाणारा उजेड, साडेपाचनंतर केशरी, आणि केशरी उजेडात निळा मरतो, भिंत मातकट दिसायला लागते. पश्चिमेला म्हणूनच थोडा जास्त निळा असलेली शेड चालते, उरलेल्या घरात नाही.

दिशेपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे खिडकीबाहेर काय आहे. प्रभात रोड, भांडारकर रोडच्या जुन्या घरांमध्ये खिडकीला लागून मोठी झाडं आहेत, तिथे आत येणारा उजेडच हिरवा असतो आणि हिरवट शेड घेतलीत तर भिंत थेट शेवाळी दिसते. पेठेतल्या वाड्याच्या चौकात उघडणारी खोली असेल तर उजेड वरून येतो आणि समोरच्या भिंतीचा रंग घेऊन येतो. समोरची बिल्डिंग विटकरी किंवा पिवळी असेल तर तुमच्या हॉलमध्ये थोडी विटकरी आलीच. टेकडीकडे तोंड असेल तर पावसाळ्यात हिरवं आणि मार्चनंतर गवत वाळलं की पिवळट तपकिरी, एकाच खिडकीतून. हे सगळं बदलता येत नाही म्हणून आधी बघून घ्यायचं.

दिवा आधी, रंग नंतर

एलईडीच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा लिहिलेला असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, वॉर्म व्हाईट. ४००० च्या आसपास न्यूट्रल. ६५०० म्हणजे कूल डेलाईट, आणि आपल्याकडच्या घरांमध्ये बहुतेक हाच असतो कारण ट्यूबच्या जागी लावलेली बॅटन साधारण याच प्रकारची मिळते आणि उजेड पांढराशुभ्र पाहिजे अशी आपल्याला सवय आहे.

६५०० च्या दिव्याखाली निळसर राखाडी भिंत थंड, कडक दिसते, त्यात वर जांभळट झाक असेल तर माणसांचे चेहरे पण निस्तेज दिसतात. ३००० च्या दिव्याखाली तीच भिंत राखाडी होते आणि हिरवट झाक असेल तर ती अजून वर येते. या रंगासाठी ४००० मला सगळ्यात योग्य वाटतो. एकेक बॅटन बदलायला काही शे रुपये लागतात, सगळी खोली परत रंगवायला हजारो, म्हणून दिवे आधी बदला, दोन-चार दिवस त्या उजेडात राहा आणि मग शेड बघायला सुरुवात करा. पीओपीमध्ये कोव्ह लाईट, म्हणजे छताच्या कडेला लपवलेले दिवे, असेल तर ती पिवळी आणि मधली ट्यूब पांढरी अशी खिचडी असते, त्यातली रोज खरी कुठली लागते ते ठरवा, आपण एक लावतो आणि दुसरी पाहुणे आले की.

दोन शेड्स दिवसा अगदी जुळ्या दिसतात आणि रात्री वेगळ्या होतात, याचं कारण पण इथेच आहे. पांढरा एलईडी म्हणजे आतून निळा दिवा आणि त्यावर पिवळट फॉस्फरचा थर, त्यामुळे त्याच्या उजेडात निळा भरपूर, पण निळ्या-हिरव्याच्या मधला पट्टा कमी असतो, आणि स्वस्तातल्या दिव्यात लाल पण कमी. सूर्यप्रकाशात सगळं असतं. ज्या शेड्स वेगवेगळे स्टेनर वापरून एकाच रंगाला पोचल्यात त्या उन्हात एकच दिसतील पण ट्यूबखाली फुटतील. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, लिहिलेला असेल तर ९० चा घ्या, थोडा महाग पडतो, भिंतीला आणि ताटातल्या भाजीला दोन्हीला बरं.

फरशी, दारं आणि स्विचबोर्ड

भिंत एकटी कधीच दिसत नाही, आणि फरशी तर उजेड खालून वर फेकते. आयव्हरी किंवा क्रीम व्हिट्रिफाईड टाईल, जी गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या बहुतेक फ्लॅट्समध्ये आहे, तिच्यासोबत जांभळट शेड लावली की टाईल पिवळी आणि मळकी दिसते. हिरवट किंवा कोरडी शेड तिच्याशी जमवून घेते. शहाबादी फरशी स्वतःच निळसर करडी, तिच्यासोबत भिंत थोडी फिकी ठेवा नाहीतर सगळं एकाच रंगात बुडतं. कोटा हिरवट, त्याला हिरवट शेड जवळची. जुनी मोझॅक असेल तर तिच्या खड्यांकडे बघा, जमिनीचा मूळ रंग आणि त्यातल्या खड्यांचा रंग वेगळा असतो.

माझ्या आत्याचा कर्वेनगरचा हॉल हे याचं चांगलं उदाहरण आहे. पश्चिमेची गॅलरी, पिवळट मोझॅक त्यात चॉकलेटी आणि काळे खडे, सागवानी दिवाण आणि खिडकीला काळी कडप्प्याची पट्टी. तीन शेड्स उरल्या होत्या, तिघी कार्डवर बहिणी. आम्ही तिन्हींचे बोर्ड रंगवून एकेक करून जमिनीला टेकवून उभे केले, अगदी स्कर्टिंगला लावून. पहिल्या बोर्डशी मोझॅक एकदम लोणच्याच्या तेलासारखी पिवळी दिसायला लागली, आत्या स्वतःच म्हणाली, "अगं, ही फरशी एवढी पिवळी कधी झाली?" ती जांभळट शेड होती. दुसऱ्या बोर्डशी फरशी नेहमीसारखी वाटली पण दिवाणाच्या मागे तोच बोर्ड धरला तर तो चक्क आकाशी दिसत होता, कारण सागवानाचा नारिंगी तपकिरी आणि निळा हे एकमेकांच्या विरुद्धचे रंग, एकमेकांना उचलून धरतात. तिसरा, जो कार्डवर सगळ्यात निरस वाटला होता, कोरडा, तो दिवाणामागे नेमका हवा तेवढा निळा झाला आणि फरशीला पण त्रास दिला नाही. घरात सागवान किंवा तशा रंगाचं लॅमिनेट भरपूर असेल तर निळ्याचं काम ते लाकूडच करतं, रंगाच्या डब्यातून फार निळा आणायची गरज नाही.

आता एक बारीक गोष्ट जी पेंटर गेल्यावर दिसते. जुने आयव्हरी स्विचबोर्ड. क्रीम भिंतीवर ते लपलेले असतात, निळसर राखाडी भिंतीवर दातांसारखे पिवळे दिसतात. तेच छताचं, छत आधीचं ऑफव्हाईट ठेवलंत तर ते जुनं मळलेलं वाटतं. बजेटमध्ये छताला पांढरा रंग आणि हॉलपुरत्या पांढऱ्या स्विचप्लेट धरूनच चाला. पडदे लक्ष्मी रोडवरून नंतर आणता येतात, पडद्यासाठी रंग निवडू नका.

सॅंपल बोर्ड कसा करायचा

बऱ्याच दुकानात लहान सॅंपल डबा मिळतो, नाहीतर एक लिटरचा घ्यावा लागतो. तीन शेड्सचे तीन लिटर म्हणजे खर्च आहेच, म्हणून वरच्या चाळण्या नीट लावून दोनवर आलात तर बरं. जो प्रॉडक्ट भिंतीला लावणार तोच सॅंपलला घ्या, एकाच कोडचा स्वस्त इमल्शन आणि महाग इमल्शन यांचा बेस वेगळा असतो आणि रंग थोडा हलतो. आणि एका कंपनीची शेड दुसऱ्या कंपनीत "मॅच करून देतो" म्हणतात ते या रंगात तरी टाळा, याच कारणाने की उन्हात जुळेल आणि ट्यूबखाली जुळेलच असं नाही.

भिंतीवर थेट पट्टे मारू नका. जुना रंग खालून आणि बाजूने दिसत राहतो, आणि पट्ट्यांच्या कडा नंतर घासल्या नाहीत तर नव्या रंगातून उठून दिसतात. अप्पा बळवंत चौकातून जाड फोमबोर्ड किंवा माउंटबोर्ड आणा, कमीत कमी दोन फूट बाय दीड फूट. पातळ कार्डशीट ओल्या रंगाने गुंडाळते. लहान रोलरने दोन हात, मध्ये चार-पाच तास, आणि चहूबाजूंनी बोटभर पांढरी कड सोडा म्हणजे जुन्या भिंतीचा रंग आणि हा रंग यांच्यात अंतर राहतं. मागे पेनाने कोड लिहा, समोर काही लिहू नका, म्हणजे नाव वाचून मत होत नाही. पेंटर रोलरऐवजी ब्रशने मारून देईन म्हणाला तर नको म्हणा, ब्रशच्या रेघांनी रंग गडद दिसतो.

ओला इमल्शन सुकल्यावर गडद होतो, म्हणून त्याच दिवशी मत बनवू नका. पेंटरकाका म्हणतात ना, "ताई, उद्या बघा, सुकलं की कळेल", ते अगदी बरोबर आहे.

बघायचं कसं

बोर्ड एकेक करून भिंतीला मास्किंग टेपने लावा, उभे, कारण भिंत उभी असते, टेबलावर आडवा ठेवलेला बोर्ड वरचा उजेड जास्त घेतो. एकदा खिडकीच्या शेजारच्या भिंतीवर, एकदा समोरच्या, आणि एकदा खोलीच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात. खिडकीच्या शेजारची भिंत नेहमी गडद दिसते कारण डोळ्यात बाहेरचा उजेड असतो, तिच्यावरून निर्णय घेऊ नका. कोपऱ्यात दोन बोर्ड एकमेकांना काटकोनात धरून बघता आले तर फारच छान, एका भिंतीचा रंग दुसरीवर पडतो आणि निळा वाढतो. चार भिंतींच्या खोलीत हेच सगळीकडे होणार आहे. म्हणूनच मी सारखं म्हणते की कार्डवर जी आवडली तिच्यापेक्षा एक पायरी जास्त राखाडी घ्या.

सकाळी आठला बघा, दुपारी एकला, संध्याकाळी सहाला दिवे न लावता, आणि रात्री साडेआठला सगळे रोजचे दिवे लावून, पडदे ओढून, टीव्ही चालू ठेवून, जसे रोज बसता तसे बसून. सकाळच्या बघण्याने शेड बाद करता येते, पसंत मात्र रात्री करायची. संध्याकाळच्या अंधुक उजेडात निळा आपोआप उजळ वाटतो, डोळ्याची रचनाच तशी आहे, त्यामुळे सहा-साडेसहाला आवडली म्हणून हुरळून जाऊ नका. दिवाळीच्या आधी रंगकाम काढणार असाल तर शेड्स पावसाळ्यातच, ढगाळ दिवशी पण एकदा बघून ठेवा, कारण ऑक्टोबरच्या लख्ख उजेडात सगळं सुंदर दिसतं आणि पुढच्या जुलैत तीच भिंत आठवडाभर ढगाखाली बघायची असते.

फोनवर फोटो काढून ग्रुपवर पाठवू नका. कॅमेरा उजेड आपल्या मनाने दुरुस्त करतो आणि निळसर राखाडीत तो पहिला निळाच खातो, मग बंगळूरहून दादा म्हणणार ही तर नुसती राखाडी आहे. घरातल्या सगळ्यांनी, आजी-आजोबांनी पण, समोर उभं राहून बघावं. वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं नसेल तर त्यांना निळा कमी दिसतो, त्यांनी "राखाडी आहे" म्हटलं तर ते चुकीचं सांगत नाहीयेत.

तरीही दोन शेड्स बरोबरीत राहिल्या तर? मग हे बघा. फरशी कुठलीने जास्त स्वच्छ दिसते. माणसांचे चेहरे कुठलीसमोर बरे दिसतात, कोणाला तरी बोर्डसमोर बसवा. अंधाऱ्या कोपऱ्यात कुठली मेल्यासारखी होत नाही. या तिन्हीतही सारख्याच असतील तर कमी निळी घ्या आणि मोकळे व्हा. दुकानदार म्हणाला की अर्ध्या स्ट्रेंथमध्ये बनवून देतो किंवा दोन्ही मिक्स करून देतो, तर नको, दोन वर्षांनी टच-अपला तीच शेड परत मिळणं फार कठीण जातं.

डबा उघडण्याआधी

फिनिशचं थोडक्यात सांगते. मॅट किंवा हलकी सॅटिन. चकचकीत फिनिशमध्ये हाच रंग गडद दिसतो, खिडकीचा निळा उजेड भिंतीवर चमकतो आणि लांबी-पुट्टीतले सगळे चढउतार दिसतात. लहान मुलं असतील तर धुता येणारी मॅट मिळते, ती घ्या.

ओल मात्र आधी मिटवा. पुण्यात पाऊस नैऋत्येकडून मारतो, पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती सगळ्यात जास्त भिजतात. क्रीम रंगावर क्षाराचा पांढरा पोपडा चटकन दिसत नाही, निळसर राखाडीवर लांबून दिसतो, आणि ओलसर जागा गडद डागासारखी. सप्टेंबर संपल्यावर भिंत पूर्ण वाळू द्या, बाहेरून भेगा भरून घ्या, मग आतून प्रायमर.

किती रंग लागेल त्याचा हिशोब स्वतः करा. दहा बाय बाराची खोली, साडेनऊ फूट उंची, म्हणजे चार भिंतींचे साधारण ४१८ चौरस फूट, दार-खिडक्या वजा जाता ३६० धरा. डब्यावर दोन हातांचं कव्हरेज लिहिलेलं असतं, लिटरला १२० चौरस फूट असेल तर तीन लिटर लागतील. सुटे तीन एक-एक लिटरचे डबे घेऊ नका, चारचा एक घ्या, कारण मशीनच्या प्रत्येक डब्यात थोडा फरक पडू शकतो आणि या रंगात तो भिंतीच्या मधोमध दिसतो. हॉल मोठा असेल आणि जास्त डबे लागणार असतील तर सगळे एका मोठ्या बादलीत ओतून ढवळून मग सुरू करायला सांगा, आणि एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकाच दमात पूर्ण करायला सांगा. मध्ये जेवायला गेले तर जोड दिसतो.

दुकानातून डबा निघण्याआधी झाकणावरचा कोड आणि बेस तुमच्या बोर्डमागच्या कोडशी जुळवा. घरी आल्यावर बोर्डाच्या एका कोपऱ्यावर नव्या डब्यातला बोटभर रंग लावा, सुकू द्या, आणि जोड दिसत नाही ना ते ट्यूबखाली बघा. जोड दिसला तर डबा तसाच परत न्या, भिंतीला हात लावल्यावर कोणी परत घेत नाही.

झाकणावरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, कोड, बेस, प्रॉडक्टचं नाव आणि फिनिश सगळं दिसेल असा. उरलेला रंग मोठ्या डब्यात तसाच ठेवलात तर वर साय धरते, तो छोट्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, घट्ट झाकण लावा आणि माळ्यावर जिथे कमी तापतं तिथे ठेवा. टच-अप करताना डाग असेल तेवढ्यावरच, छोट्या रोलरने, कडा कोरड्या रोलरने विरवत न्या. भिंतीला दोन-तीन वर्षं झाली असतील तर नुसता ठिपका उठून दिसेलच, तेव्हा ती एकच भिंत कोपऱ्यापर्यंत पूर्ण मारून घ्या.